दोन बोटींचा गहू

मी बोलायला सावकाश. एक वाक्य झालं की थोडा थांबतो, मग दुसरं. आमच्या जर्सी सिटीच्या मराठी मंडळात महिन्यातून एकदा पॉटलक असतं, प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा. तिथे कोणीतरी हमखास म्हणतं, "परबकाका, तुमच्या त्या क्लासातला एखादा किस्सा सांगा ना." मी सुरू करतो. याकोव खुर्चीवरून उठला, इथपर्यंत येतो. तेवढ्यात आतून हाक येते, पुऱ्या गार होतायत. सगळे उठतात. याकोव तसाच उभा राहतो.

असे अर्धे किस्से माझ्याकडे बरेच साठले. लिहिताना कोणी मधेच जेवायला उठत नाही, म्हणून यावेळी लिहून काढतोय. शाळा माझी दुसरीपर्यंत. पुढे मुंबईच्या गोदीत तीस वर्षं पोती उचलली. तेव्हा ऱ्हस्वदीर्घ सुनेने बघितलंय, बाकी चुका माझ्या.

बायको गेल्यावर माझ्या मुलाने, अविनाशने, मला इकडे बोलावून घेतलं. तो इंजिनियर आहे, रोज ट्रेनने मॅनहॅटनला जातो. पाच वर्षं झाल्यावर मी सिटिझनशिपचा अर्ज करायचं ठरवलं. या वयात कशाला, असं पुष्कळांनी विचारलं. कारण माझी धाकटी, शकू. तिचा नवरा वारला आणि ती शिवडीच्या आमच्या खोलीत एकटी राहत होती. मूलबाळ नाही. वकिलाने सांगितलं होतं, बाप सिटिझन असेल तर अशा मुलीचा नंबर लवकर लागतो, नाहीतर बरीच वर्षं जातील. माझ्याकडे बरीच वर्षं होती की नाही, हे वकिलाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

म्हणून दर बुधवारी सकाळी मी लायब्ररीतल्या क्लासला जायला लागलो.

*

क्लास लायब्ररीच्या तळघरात भरायचा. दारावर एक पिवळी-काळी पाटी होती, तीन पात्यांच्या चित्राची. मला वाटलं, पंखा. आत गार वाऱ्याची सोय असेल. दोन आठवडे मी घरी सगळ्यांना "पंख्याच्या खोलीत चाललो" म्हणून सांगत होतो.

शिकवायला मिस रूथ होत्या. रिटायर झालेल्या शिक्षिका, पांढरे केस, गळ्यात चष्म्याची साखळी. मी एकदा त्यांना पंख्याचं विचारलं. त्यांनी समजावून सांगितलं. महायुद्ध संपल्यावर अमेरिका आणि रशिया, काल एका बाजूने लढलेले, एकमेकांवर डोळे वटारून बसले. मग इथल्या सरकारने अशी तळघरं ठरवून ठेवली आणि दारावर खूण म्हणून ही पाटी लावली. रशियाचा बाँब पडला तर लोकांनी इथे लपायचं. पाण्याची पिंपं, बिस्किटांचे डबे, सगळं आत तयार.

एवढं बोलून त्या एकदम थांबल्या. कारण पहिल्या रांगेत याकोव बसला होता.

याकोव रशियातून आलेला, माझ्याच वयाचा. तिकडे कारखान्यात पंप तपासायचं काम करायचा. मिस रूथ लाल झाल्या. म्हणाल्या, तुमच्याबद्दल नव्हतं हं म्हणायचं. याकोव खुर्चीवरून उठला. कोट न काढताच त्याने सगळी खोली फिरून पाहिली. भिंती पाहिल्या, छत पाहिलं, पाइपाला हात लावला.

तो परत येऊन बसला आणि म्हणाला, "हीटर कमी आहे."

*

त्या डब्यांचंही एकदा झालं. लायब्ररीची झाडझूड आणि दुरुस्ती एडी बघायचा. उंच काळा माणूस, तरुणपणी कोरियाच्या लढाईला जाऊन आलेला. तिथल्या थंडीत त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली होती. एका बुधवारी त्याला हुकूम आला, तळघरातले जुने डबे बाहेर काढा. त्याने एक फोडून आम्हाला दाखवला. आत चौकोनी बिस्किटं, ओळीने रचलेली, एक तुटलेलं नाही.

मी एक चहात बुडवलं. चव पुठ्ठ्याची, पण शेवटी शेवटी थोडा गहू लागत होता. मिस रूथ ओरडल्या की ती वीस वर्षांपूर्वीची आहेत, खाऊ नका. तोवर याकोवची चार झाली होती.

तो म्हणाला, आमच्या कारखान्याखालीही अशीच खोली होती, अशीच बिस्किटं होती. एडीने विचारलं, मग त्यांचं काय झालं?

"पहारेकऱ्यांनी खाल्ली. पहिल्याच हिवाळ्यात."

एडी हसता हसता थांबला. त्याने थोडा विचार केला. म्हणाला, म्हणजे युद्ध झालंच असतं तर तुम्ही आत बसून खाणार काय होतात?

याकोवने पाचवं बिस्कीट उचललं. "काहीच नाही. हेच तर आमचं सगळ्यात मोठं लष्करी गुपित होतं."

*

मग मिस रूथना त्यांचे जुने दिवस आठवले. त्या नव्याने शिक्षिका झाल्या तेव्हा शाळेत बाँबची तालीम व्हायची. घंटा झाली की पोरांनी बाकाखाली शिरायचं, गुडघ्यांत डोकं घालायचं, मानेवर हात. बोलता बोलता त्यांनी ते करून दाखवलं. त्या टेबलाखाली गेल्या खऱ्या, पण वयामुळे त्यांना वर येता येईना. एका बाजूने एडी, दुसऱ्या बाजूने याकोव, असं त्यांना बाहेर काढावं लागलं. रशिया आणि अमेरिका मिळून ओढतायत, आणि मी मधे टेबल धरून उभा.

कपडे झटकत त्यांनी मला विचारलं, "मिस्टर परब, तुमच्या इंडियात बाँबसाठी काय करायचे?"

मी आठवून सांगितलं, "आम्ही सह्या करायचो."

ते खरंच होतं. गोदीत दुपारच्या सुट्टीत एक माणूस कागद घेऊन यायचा. अणुबाँब कोणीच कोणावर टाकू नये, असं त्यावर लिहिलेलं. जगभर सह्या गोळा होतायत, म्हणायचा. मला ते पटलं. आमच्या टोळीत सही फक्त मला येत होती, म्हणून बाकीच्यांचे अंगठे मीच धरून लावले. तो माणूस खूश झाला. त्याने मला सभेला बोलावलं, दोन-तीन वेळा गेलोही. नंतर त्याने आणखी एका कागदावर माझी सही घेतली. तो कसला होता ते मी विचारलं नाही. बाँबचाच असेल, असं वाटलं.

मिस रूथनी हळूच विचारलं, तो माणूस कुठला होता?

"लाल झेंड्याच्या युनियनचा," मी म्हटलं.

मिस रूथनी चष्मा लावला, अर्जाची पानं उलटली आणि एका प्रश्नावर बोट ठेवून माझ्यासमोर धरलं. तुम्ही कधी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होता का? येस किंवा नो. पुढे दोन चौकोन.

मी दोन्ही चौकोनांकडे बघत बसलो.

*

पुढच्या बुधवारी मिस रूथनी त्या प्रश्नाची तालीम घ्यायची ठरवली. आधी याकोवला विचारलं.

"येस," याकोव म्हणाला. "बावीस वर्षं. मेडलसुद्धा आहे."

मला वाटलं, आता याची बॅग भरली. पण मिस रूथनी पुस्तकात बघून सांगितलं की याकोवला काळजी नाही. तिकडे पक्षात नाव नसेल तर बढती नाही, घर नाही. म्हणजे त्याच्यावर सक्ती होती, आणि सक्तीचं असेल तर कायदा माफ करतो.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "मिस्टर परब, तुमच्यावर कोणी सक्ती केली होती का?"

मी खूप आठवून पाहिलं. "नाही. चहा द्यायचे."

याकोवने डोक्याला हात लावला. त्याची बावीस वर्षं आणि मेडल पार होणार होतं, आणि माझा अर्धा कप चहा अडकणार होता. मी त्या दिवशी घरी चालत आलो. बसचं लक्षातच राहिलं नाही.

*

रात्रीच्या जेवणाला मी विषय काढला. अविनाश म्हणाला, "बाबा, नो लिहा आणि मोकळे व्हा. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचं कोण बघायला बसलंय?"

नात नीला सातवीत. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशमधून येतं. ती म्हणाली, "जस्ट से नो, आजोबा." शाळेत त्यांना ड्रग्जबद्दल तसंच शिकवलं होतं म्हणे.

मी म्हटलं, पण शपथ घ्यायची असते. आणि मी नव्हतो, हे मला कुठे माहीत आहे?

"मग होतात का?"

"तेही माहीत नाही."

अविनाश पाणी प्यायला. तो लहानपणापासून हुशार, त्याला उत्तर नसलेलं गणित आवडत नाही. म्हणाला, "बाबा, शकूचा विचार करा." मी तोच करत होतो. खोटं बोलून तिला आणली आणि पुढे कोणी तो कागद काढला, तर दोघांना परत पाठवतील. खरं सांगितलं तर ती येणारच नाही. आणि खरं काय, ते तर सापडतच नव्हतं.

नीलाने माझ्या ताटात स्वतःचा पापड ठेवला.

*

मी शकूला पत्र टाकलं. खोलीत माळ्यावर माझी पत्र्याची ट्रंक आहे, ती उघड. युनियनचं काही कार्ड, पावती, बिल्ला दिसतो का बघ. असेल तसं कळव, लपवू नकोस.

तिचं उत्तर यायला महिना लागला. तेवढ्या दिवसांत मी पोस्टमनशी इतका बोललो की त्याने मला आपल्या मुलीच्या लग्नाचे फोटो दाखवले.

पत्र आलं. शकूने लिहिलं होतं, "ती. बाबांस सा. न. ट्रंकेत दोन कार्डं सापडली. एक लाल आहे, एक निळं. लाल कार्ड बघून मी आधी दाराला कडी लावली. पण ते आपल्या भजनी मंडळाचं निघालं. निळ्यावर तुमची सही आहे. वर काय छापलंय ते वाळवीने खाल्लं. बाकी मी ठीक आहे. तुम्ही काळजी करत बसू नका. नाही जमलं तर नाही जमलं, इथे शेजारीपाजारी आहेत."

मी ते पत्र क्लासमध्ये याकोवला समजावून सांगितलं. त्याने गंभीरपणे मान हलवली. म्हणाला, वाळवी आमच्याकडे असती तर पुष्कळ माणसं वाचली असती.

*

अर्जासाठी बोटांचे ठसे द्यायचे असतात. ते पोलीस स्टेशनवर घेत. याकोव आणि मी बरोबर गेलो.

आता गोदीत कसं होतं, ज्याला सही येत नाही तो अंगठा लावणार. पगाराच्या दिवशी मुकादम शाईची डबी पुढे सरकवायचा आणि मी ती मागे सरकवून सही करायचो. दोन इयत्तांचं माझं तेवढंच वैभव. इथे पोलिसाने माझा हात धरला आणि एकेक करून दहाही बोटांना शाई लावली. मी त्याला सांगून पाहिलं की मला सही येते. तो म्हणाला, छान आहे, डावा हात द्या. माझ्यापुढे एक डॉक्टर होते, त्यांचीही दहा बोटं काळी. तेव्हा मला जरा बरं वाटलं.

याकोव मात्र पोलिसाच्या हातातून आपला हात सारखा मागे ओढत होता. ठसा दोनदा बिघडला. पोलीस पोरगा भला होता, त्याने काही न बोलता नवा कागद घेतला, नंतर बोटं पुसायला टिश्यू दिला आणि म्हणाला, झालं, तुम्ही जाऊ शकता.

याकोव उभाच. "कुठे?"

"घरी," पोलीस म्हणाला.

याकोवने माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा पोलिसाकडे. "स्वतःचं स्वतः?"

*

मी सुनेने दिलेला डबा घेऊन जायचो आणि क्लासनंतर याकोव त्यातली एक चपाती खायचा. एकदा खाता खाता मी त्याला गव्हाची गोष्ट सांगितली. तेव्हा एडीही टेबल पुसत तिथेच होता.

एक वर्ष असं आलं होतं की आपल्याकडे धान्याची फार टंचाई. रेशनवर रांगा लावूनही काही मिळेना. घरात तीन वर्षांचा अविनाश, शकू पोटात. तेव्हा अमेरिकेची बोट गहू घेऊन आमच्या धक्क्याला लागली. त्या आठवड्यात आमच्या घरात अक्षरशः काही नव्हतं. पोती उतरवताना एखादं फाटायचंच, आणि खाली सांडलेला गहू संध्याकाळी कामगारांच्या बायका झाडून न्यायच्या. तशी पद्धतच होती, मुकादम तेवढ्यापुरती पाठ फिरवायचा. त्या गव्हावर आम्ही महिना काढला. दाणा लालसर, चपाती मात्र वातड व्हायची. बायको कणीक मळून मळून थकायची आणि मी चावून.

महिन्याने पलीकडच्या धक्क्याला रशियाची बोट लागली. तिच्यातही गहू. दोघांनाही आमची एकदम आठवण कशी झाली, ते आम्हाला कळेना. मुकादमाने बजावलं, दोन्ही गहू एकमेकांत मिसळायचे नाहीत, कारण दोन्ही देशांचे फोटोवाले येणार आहेत. ते आले. एकाने सांगितलं, पोतं खांद्यावर घेऊन हसा. दुसऱ्याने सांगितलं, पोत्यावर पाय ठेवून मूठ वर करा. दोन्ही फोटोंत मीच होतो.

एडीने विचारलं, मग त्या दुसऱ्या गव्हाची चपाती कशी व्हायची?

मी खोटं कशाला बोलू? म्हटलं, मऊ. दुमडली तरी तुटायची नाही.

याकोव उठून उभा राहिला आणि सबंध क्लासला ओरडून सांगायला लागला की रशियाचा गहू चांगला. ज्या देशातून तो जीव घेऊन निघाला, त्याचं पहिल्यांदाच मी त्याच्या तोंडून चांगलं ऐकलं. एडी रागावला. फडकं टेबलावर टाकून म्हणाला, आमचा आधी पोचला होता ना? मी म्हटलं, हो, आधी तुमचाच पोचला. एडी म्हणाला, मग? याकोव म्हणाला, पण मऊ कोणाचा? दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी डबा बंद केला.

जाताना याकोवने मला कोपऱ्यात घेतलं. त्याचा इंटरव्ह्यू झाला होता आणि तो पास झाला होता. म्हणाला, "परब, नीट ऐक. तिथे हे गव्हाचं बोलू नकोस. येस. नो. बस. तिसरा शब्द नको. मी तिकडे पन्नास वर्षं अशीच काढली."

*

माझा इंटरव्ह्यू नेवार्कच्या ऑफिसात होता. अविनाश सुट्टी घेऊन आला. गाडीत त्याने माझ्याकडून घोकून घेतलं. येस. नो. येस. नो. दारापर्यंत येऊन तो म्हणाला, "बाबा, प्लीज, गोष्ट नका सांगू."

आत ऑफिसर साठीकडे आलेला. गॅलिस लावलेली पँट, टेबलावर कॉफीचा मग. त्याने मला उजवा हात वर करायला लावून शपथ दिली. मग नाव, पत्ता, झेंड्यावर तारे किती. सगळं बरोबर आलं. येस, नो, येस, नो. माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

मग तो प्रश्न आला.

मी तोंड उघडलं. शकूचं पत्र कोटाच्या आतल्या खिशात होतं. 'नो' अगदी जिभेवर होतं, पण ते बाहेर येईना.

मी म्हटलं, "सर, आय डोन्ट नो."

तो म्हणाला, येस किंवा नो, मिस्टर परब. इथे तिसरा चौकोन नाही.

मग मला राहवेना. माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये मी त्याला सगळं सांगितलं. पहिली बोट, दुसरी बोट, पोटात शकू, दोन्ही फोटो. दुपारच्या सुट्टीतला माणूस, बाँबचा कागद, टोळीतल्यांचे अंगठे आणि तो दुसरा कागद, जो मी वाचला नाही. लाल कार्ड, निळं कार्ड, वाळवी. मी सावकाश बोलतो हे सुरुवातीला सांगितलंच आहे. मधे त्याची कॉफी थंड झाली. एकदा दार उघडून कोणीतरी डोकावलं, त्याला त्याने हातानेच परत पाठवलं.

मी थांबल्यावर त्याने विचारलं, "त्या सभांमध्ये काय सांगायचे?"

मी म्हटलं, "सर, दिवसभर पोती उचलायचो. भाषण सुरू झालं की मला झोप लागायची."

"प्रत्येक वेळी?"

"येस, सर."

त्याने पेन उचललं आणि 'नो'च्या चौकोनात खूण केली. माझे डोळे भरून आले, पण काळजीही वाटली. मी विचारलं, "सर, तुमची खात्री आहे ना?"

"मिस्टर परब," तो म्हणाला, "बाँब नको म्हणून सही करणं आणि सभेत झोपणं, याला सभासद म्हणत नाहीत. पत्रात मुलीला तसं लिहा."

त्याने सही करायला कागद पुढे केला. मी सही केली, पूर्ण नाव, न अडखळता. तो उठला, मला दारापर्यंत सोडायला आला आणि दाराच्या मुठीवर हात ठेवून तिथेच उभा राहिला.

म्हणाला, त्याचे वडील कॅन्ससचे शेतकरी. आयुष्यभर गहूच पिकवला. त्या वर्षांत त्यांचा गहू जहाजांवर चढून कुठे कुठे गेला. वडील आता ऐंशीच्या पुढे आहेत, दर रविवारी फोन करतात. तिकडच्या लोकांना आपला गहू आवडला का, असा प्रश्न त्यांना नेहमी पडायचा. पण तसं कोणाचं पत्र कधी आलं नाही. आणि ज्याने तो खाल्लाय असा माणूस त्यालाही आजवर भेटला नव्हता.

"तेव्हा एकच विचारतो," तो म्हणाला. "तुमच्या त्या चपातीला कोणाचा गहू चांगला होता? आमचा, की रशियाचा?" आणि मग किंचित हसून, "लक्षात ठेवा, तुम्ही अजून शपथेवर आहात."

काचेतून पलीकडे अविनाश दिसत होता. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, नको, नको. मला परातीपुढे बसलेली बायको आठवली, मनगटाने घाम पुसताना. मग दुसऱ्या महिन्यातली मऊ चपाती आठवली. कॅन्ससमध्ये फोनपाशी बसलेला म्हातारा मी कधी पाहिला नव्हता, तरी तोही दिसला.

याकोवने बजावलेलंही आठवलं, तिसरा शब्द नको. ऑफिसर थांबून होता.

मग मी म्हटलं, "येस, सर."